आजी काही चालेना! (दुसऱ्या वर्षाच्या ॲनिमेशनवाल्याची अडचण)

कोरा कागद

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो. आज अडलोय म्हणून पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी मूळचा गडहिंग्लजचा, सध्या पुण्यात ॲनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी चेंडू उडवून झाले (रबरी, लोखंडी, पाण्याने भरलेला), लंबक झाला, पिठाची पिशवी झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पिठाच्या भरलेल्या पिशवीला तोंड-डोळे न काढता नुसत्या आकारातून रुसायला, दचकायला, उडी मारायला लावायचं. माझी पिशवी बरी रुसली होती, मार्कही चांगले पडले.

या सत्रात दीड मिनिटाची फिल्म आहे. माझी गोष्ट एवढीच: संध्याकाळी आजी अंगणातून घरात येते आणि देवळीत दिवा लावते. आजी अशी: गोल चेहरा, गोल अंबाडा, गोल चष्मा, पाठीला पोक, हातात काठी, अंगावर सहावारी साडी. सगळ्या बाजूंनी काढून टर्नअराउंड केलं, बारा हावभावांची शीट केली. वॉक सायकल (दोन पावलांची चाल, परत परत फिरवायची) अगदी शिकवल्याप्रमाणे २४ फ्रेमचं (फ्रेम म्हणजे एकेक चित्र), म्हणजे एका पावलाला १२. पाय टेकला, शरीर खाली गेलं, दुसरा पाय पुढे निघाला, शरीर वर आलं.

परीक्षणाला बाहेरून आलेल्या सरांनी दोनदा चालवून बघितलं आणि म्हणाले, "ही आजी नाही. गॅदरिंगला आजी झालेली नववीतली मुलगी आहे." वर्ग हसला, मीपण हसलो. रूमवर आल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

माझी चूक डिझाईनमध्ये आहे का चालीत? आणि मित्र म्हणतोय, हाताने काढत बसू नको, थ्रीडीत तयार रिग (सांध्यांसकट हलवता येणारं पात्र) घे, तयार चाली फुकट मिळतात त्यातली म्हाताऱ्या माणसाची लाव, एका रात्रीत काम होईल. करू का तसं? बाजूने आणि समोरून अशा दोन्ही चाली खाली जोडल्यात.

एक होता चिमणा

आजीच्या हातात काठी आहे की सेल्फी स्टिक? जमिनीला टेकतच नाहीये. (ह.घ्या., म्हणजे हलकं घ्या.)

तिरपी रेघ

चिमण्याने चेष्टेत बरोबर सांगितलं. काठी काढलीस, पण तिच्यावर भार दिला नाहीस. ज्या काठीवर वजन पडतं तिच्या बाजूचा खांदा वर जातो, मनगट वाकतं, आणि काठी टेकल्यावर पाऊल सुटतं. तुझी काठी हाताबरोबर झुलतेय नुसती.

मी मुंबईत १४ वर्षं याच धंद्यात आहे, म्हणून जरा स्पष्ट लिहिते, रागावू नकोस. समोरची चाल एकेक फ्रेम करून बघितली. तेराव्या फ्रेमला आजीचा पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर जातो आणि पंचविसाव्याला परत डाव्यावर येतो! म्हणजे तू पहिलं पाऊल काढलंस, ते आरशासारखं उलटं केलंस आणि दुसरं पाऊल म्हणून चिकटवलंस. खरं ना? सैनिकाच्या संचलनाला हे चालतं. सत्तरीच्या बाईचे दोन पाय एकमेकांची नक्कल करत नाहीत रे. एक दुखतो, दुसरा त्याला सांभाळून घेतो. चाल म्हणजे त्या दोघांमधलं भांडण.

डिझाईनचं म्हणशील तर एक जुना उपाय कर. आजी पूर्ण काळ्या रंगाने भर, डोळे-नाक काही ठेवू नको, आणि ती सावली चार जणांना दाखव. लक्ष्मणांचा कॉमन मॅन १९५१ पासून लोकांसमोर आहे. त्याला काळा करून टाकला तरी तो कोट, ते धोतर आणि टकलाच्या कडेचे केस यांवरून कुणीही ओळखेल. तुझ्या आजीची सावली मी बघितली. गोल, गोल, गोल, आणि एक काठी. "गोल म्हणजे प्रेमळ, चौकोन म्हणजे हट्टी, त्रिकोण म्हणजे दुष्ट" हे सूत्र सगळ्यांना शिकवतात. सुरुवातीला उपयोगीही पडतं, पण त्यातून निघणारी आजी कुठल्याच गावची नसते. ही कुठल्या गावची आहे?

मालूताई

मला तुमच्यातलं ते फ्रेम वगैरे कळत नाही. वय ६९, पण साड्या कळतात. बाळा, तू गडहिंग्लजचा ना? तुझ्या आजीच्या वयाच्या बाया तिकडे घरात सहावारी नेसतात का? माझ्या सासूबाई चंदगडच्या, शेवटपर्यंत नऊवारी इरकल. नऊवारीत काष्टा असतो, दोन पाय वेगळे दिसतात, पोटऱ्या दिसतात. सहावारीत सगळं झाकलेलं. तुझी आजी चालतेय का घसरतेय तेच समजेना मला.

कोरा कागद

@तिरपी रेघ ताई, पदराचं बघितलं. खरंच उडी मारतोय. तीन आठवडे डोळ्यांसमोर असून दिसला नाही. लाज वाटली.

@मालूताई, कबूल करतो. माझी आजी नऊवारीच नेसते. सहावारी एवढ्यासाठी घेतली की पाय काढावे लागू नयेत.

तिरपी रेघ

हाहा, कळलं होतं. आम्ही सगळ्यांनी केलंय हे. माझ्या पहिल्या फिल्ममधली झाडून सगळी पात्रं गुडघाभर गवतातून चालतात. हात काढायची भीती असलेल्यांची पात्रं खिशात हात घालून उभी असतात. परीक्षकाला ते लगेच दिसतं, कारण त्यानेही तेच केलेलं असतं.

आणि मालूताई, फ्रेम कळत नाही म्हणताय, पण जे सांगितलंत ते आम्हाला सत्रभर शिकवायला लागतं. नऊवारी ही ॲनिमेटरसाठी देणगी आहे. दोन पायांच्या मधली फट दिसते, म्हणून कुठला पाय पुढे ते सावलीतसुद्धा वाचता येतं.

एक होता चिमणा

मिकीच्या हातालाही चारच बोटं आहेत की. डिस्नेने केलं की शैली, कोऱ्या कागदाने केलं की कामचुकारपणा.

तिरपी रेघ

प्रत्येक चित्रात दोन्ही हातांचं एकेक बोट वाचवायचं आणि सेकंदाला बारा ते चोवीस चित्रं काढायची, कर हिशेब. शिवाय एवढ्या छोट्या हाताला पाच बोटं काढली तर केळ्याचा घड दिसतो. ती काटकसर डोळे उघडे ठेवून केलेली. याने साडी डोळे मिटून नेसवली.

रिगवाला

थ्रीडीवर इथे सरसकट आळसाचा शिक्का बसतोय, म्हणून लिहितो. मी थ्रीडीतच काम करतो. संगणक आपोआप काही करत नाही. दोन पोझ दिल्या की मधलं तो भरतो, आणि नेमका चुकीचं भरतो. सगळं एकसारख्या वेगाने, तेलात पोहल्यासारखं. मग ग्राफ उघडून प्रत्येक सांध्याची वक्ररेषा हाताने ओढत बसावं लागतं. आम्ही पहिल्या टप्प्यात मधलं काही भरूच देत नाही, पोझवरून पोझवर टक्कन उड्या मारत बघतो. पोझमध्येच आजी नसेल तर मधल्या चित्रांत कुठून येणार?

तयार चालीबद्दल सांगायचं तर, ती कुणातरी तरुण नटाने म्हाताऱ्याची नक्कल करून दिलेली असण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे परत गॅदरिंग.

तिरपी रेघ

@रिगवाला, शिक्का मी मारला नाही, पण एक सांगते. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्या दहांतली सात मुलं सॉफ्टवेअरची नावं घडाघडा सांगतात, आणि 'खुर्चीतून उठणारा दमलेला माणूस काढ' म्हटलं की पेन्सिल धरून बसतात.

रिगवाला

आणि उरलेली तीन सुंदर काढतात आणि फाईलींना 'फायनल', 'फायनल_खरी', 'फायनल_शेवटची_२' अशी नावं देतात. दोन्ही बाजूंनी दुखणं आहे ताई.

गुडघेदुखी

आयडीवरून ओळखलं असेलच, मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर म्हाताऱ्या माणसांची चाल बघणं हाच माझा धंदा. तुमच्या चित्रकलेतलं कळत नाही, पण या आजीच्या चालीत पुढच्या गोष्टी खटकल्या.

पावलं फार लांब आहेत. वय झालं की पाऊल आखूड होतं, दोन पायांमधलं अंतर रुंदावतं. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा काळ वाढतो, कारण एका पायावर उभं राहण्याची खात्री वाटत नाही. हात कमी हलतात. वळताना तरुण माणूस गर्रकन वळतो, म्हातारं माणूस तीन-चार छोटी पावलं टाकत वळतं.

गुडघा दुखत असेल तर दुखऱ्या पायावर उभं राहण्याचा वेळ कमी, म्हणून चांगला पाय घाईने पुढे येऊन टेकतो. ऐकायला उलटं वाटतं: लगबग चांगल्या पायाची, पण दुखणं दुसऱ्यात. त्यातच शरीर एका बाजूला कलतं. आणि काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात हवी, मात्र निम्म्या लोकांच्या हातात ती चुकीच्या बाजूला असते आणि मी रोज घसा फोडतो.

पायरीचा एक नियम आहे, आमच्याकडे पेशंटला पाठच करून घेतो: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. तुमच्या फिल्ममध्ये पायरी असेल तर हे बघा.

अण्णा फुलपात्रे

वा! गुडघेदुखी, वाखु (वाचनखूण) साठवली. आमच्या सौ.ना वाचून दाखवलं, काठी लगेच या हातातून त्या हातात गेली.

अवांतर: ॲनिमेशन म्हटलं की आमच्या पिढीला दूरदर्शनवरच्या 'एक चिडिया, अनेक चिडिया'च आठवतात. ती डिस्नेची होती का हो?

तिरपी रेघ

नाही अण्णा, अस्सल इथली. फिल्म्स डिव्हिजनची, १९७४ ची. विजया मुळे यांची फिल्म, ॲनिमेशन भीमसैन यांचं. डिस्नेचा संबंध त्याच्या आधीचा. क्लेअर वीक्स नावाचे डिस्नेतले ॲनिमेटर १९५६ मध्ये मुंबईला फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले होते. त्यांच्या हाताखाली जी मंडळी तयार झाली त्यांत राम मोहन होते, आपल्याकडच्या ॲनिमेशनमधलं मोठं नाव. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १९१५ ला, दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली होती. ना रिग, ना टॅबलेट.

त्या चिमण्या परत बघा. अगदी मोजकी रेषा, मोजकीच हालचाल. पण जाळ्यासकट उडायला लागतात तेव्हा वजन जाणवतं. सगळं हलवायला लागत नाही, जे हलतं ते बरोबर हलावं लागतं.

एक होता चिमणा

आमच्या जातीचा उल्लेख केल्याबद्दल आभार.

लेकीचा बाप

विषय बदलतोय, माफ करा. मुलगी दहावीत आहे, तिलाही हेच करायचं आहे. एका ठिकाणी चौकशीला गेलो तर एवढी फी सांगितली की गाडी तिथेच विसरून चालत घरी आल्यासारखं झालं. वर म्हणे भारी कॉम्प्युटर घ्या, स्क्रीनवाला टॅबलेट घ्या. नोकरीचं विचारलं तर भिंतीवरच्या फोटोंकडे बोट. खरं काय ते सांगाल का? शिवाय हल्ली एआय सगळं काढून देतं म्हणतात.

रिगवाला

साहेब, दहावीच्या मुलीला काहीही घेऊ नका. वही, पेन्सिल आणि फोन पुरे. वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढून पानं फडफडवली की ॲनिमेशन सुरू. पुढे लागलंच तर ब्लेंडर (थ्रीडीसाठी) आणि क्रिटा (चित्रं काढायला) ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर शिकण्यापुरते चालतात. २०२५ ला ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालेली लॅटव्हियाची 'फ्लो' ब्लेंडरमध्येच केली होती. चित्र काढायचा टॅबलेट घ्यायचाच तर बिनस्क्रीनचा घ्या. आठवडाभर हात एकीकडे, नजर दुसरीकडे असं होतं, मग सवय होते.

तिरपी रेघ

नोकरीचं मी सांगते, गोड न करता. या क्षेत्रात येणारी बरीच मुलं पात्रं हलवायला येतात आणि पहिली काही वर्षं परदेशी सिनेमांच्या शॉटमध्ये नटाच्या कडा कापत नाहीतर दोऱ्या पुसत बसतात. त्यात कमीपणा नाही, पगार मिळतो, पण प्रवेश घेताना हे कुणी सांगत नाही. आयआयटी मुंबईचं आयडीसी, अहमदाबादचं एनआयडी या सरकारी डिझाईन संस्थांची प्रवेश परीक्षा कठीण, मात्र तिथलं काम बघून घ्या. खाजगी ठिकाणी गेलात तर भिंतीवरचे फोटो बघू नका. तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या फिल्म बघायला मागा. दाखवत नसतील तर चहा पिऊन निघा.

एआयचं विचारलंत. सुबक, गुळगुळीत आजी ते एका मिनिटात देतं. कोऱ्या कागदाची पहिली आजी देतं, म्हणा ना. गडहिंग्लजची आजी त्याच्याकडून निघते का ते बघा करून.

कुडाळकर

पिंगुळी आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर, म्हणून राहवत नाही. तिथले ठाकर समाजाचे लोक पिढ्यानपिढ्या चित्रकथी करतात. सुटी चित्रं एकामागून एक धरायची आणि वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातली गोष्ट गाऊन सांगायची. एका कथेच्या चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. शिवाय कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या सावलीच्या बाहुल्या. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी.

लहानपणी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ बघितलाय. पडद्यामागे दिवा आणि समोर नुसती सावली. तिरपी रेघ ताई सांगताहेत ती काळ्या रंगाची परीक्षा तिथे पिढ्यानपिढ्या चाललीय. सावलीवरून पात्र कळलं नाही तर प्रेक्षक उठून जाणार! पोराने एकदा येऊन बघावं. पुण्याहून कुडाळला रात्रीच्या गाडीने येता येतं, जेवण माझ्याकडे.

एक होता चिमणा

जेवणात काय आहे ते आधी जाहीर करा. अर्धा धागा येईल.

कुडाळकर

बांगड्याचं तिखलं. शाकाहारींसाठी काळ्या वाटाण्याची उसळ.

(यानंतरचे सोळा प्रतिसाद तिखल्यात त्रिफळं घालावीत की नाही यावर आहेत. कृपया त्यासाठी पाककृती विभागात नवा धागा काढावा. – संपादक)

कोरा कागद

बारा दिवसांनी येतोय. मधे तीन दिवस घरी जाऊन आलो.

आजीला सांगितलं, तुझी चाल फोनमध्ये घ्यायची आहे. म्हणाली, "का रं, मी काय सर्कशीतली हाय व्हय?" फोन धरला की ताठ चालायची, पदर सारखा करायची. शेवटी फोन तुळशीच्या कट्ट्यावर पाण्याच्या बादलीला टेकवून ठेवला आणि मी आत जाऊन बसलो. वीस मिनिटांत विसरली.

काय काय मिळालं ते लिहितो.

काठी नाहीच. घरात काठी आहे, बाबांनी आणलेली, दाराच्या मागे उभी आहे. "काठी धरली की म्हातारी दिसतंय माणूस." मग ती काय धरते? तुळशीचा कट्टा, मग दोरीवरचा टॉवेल (आधार शून्य, पण धरते), मग भिंत, मग चौकट. अंगणभर तिचे थांबे ठरलेले आहेत, एसटीसारखे. माझी गोष्ट एकदम बदलली. आता ती नुसती चालत नाही, एका आधारापासून दुसऱ्या आधारापर्यंत जाते. मधे जी दोन पावलं बिनआधाराची आहेत तिथे तिचे दोन्ही हात थोडे बाहेर येतात, कोंबडीच्या पंखांसारखे.

दुखरा गुडघा उजवा. गुडघेदुखी सर, तुम्ही लिहिलं ते तंतोतंत. उजव्यावर उभी असताना डावा पटकन टेकतो. उजवा टेकायला वेळ घेतो. मी फ्रेम मोजल्या: डाव्याला १८, उजव्याला २५. तसंच काढलं, चालवलं, तर आजी पाण्याखालून चालल्यासारखी! दोन दिवस डोकं फोडलं. मग कळलं की फोन सेकंदाला ३० फ्रेम घेतो आणि माझी फिल्म २४ ची आहे. हिशेब करून १४ आणि २० केल्या. आता बरोबर वाटतेय. (वर्गातल्या आणखी तिघांनी हीच चूक केली होती, म्हणून लाज जरा कमी झाली.)

पायरी: आधी डावा, मग उजवा. तिला कुणी शिकवलेलं नाही. माझ्या जुन्या चित्रांत ती दुखऱ्या पायाने चढत होती. आणि चढायच्या आधी एक क्षण थांबते, चौकटीवर तळहात ठेवते, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटते. पहिल्या वर्षी 'अँटिसिपेशन' म्हणून शिकवलं होतं, कृतीच्या आधीची तयारी. मी ते उडी मारायच्या आधी खाली बसणे एवढंच समजत होतो.

चष्मा गेला. ती फक्त पंचांग बघताना लावते. अंबाडा गोल नाही, मानेवर लिंबाएवढा आहे आणि सारखा सुटतो. नऊवारी नेसवली. पाय काढतोय. रडत, पण काढतोय.

सावली भावाला पाठवली, काही न सांगता. त्याचा मेसेज: "आजी कुठं निघाली?"

गुडघेदुखी

छान. पण आजींना कुणा जवळच्या फिजिओकडे नक्की न्या. टॉवेलच्या आधारावर फिल्म होईल, हाडं सांभाळली जाणार नाहीत. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे साधे व्यायाम असतात, बसल्या जागी करता येतात. आणि ती काठी तुम्ही लोकांनी दाराच्या मागून काढून पुढे ठेवा.

तिरपी रेघ

नवीन फाईल बघितली. टॉवेल धरते ते फार आवडलं, असं टेबलाशी बसून सुचत नाही. दोन गोष्टी: कोंबडीवाल्या पावलांत डोकं अजून सरळ रेषेत सरकतंय, त्याला थोडी कमान दे. आणि चौकटीवर हात ठेवल्यावर आठ फ्रेम काहीच हलवू नकोस. घाई करतोयस. तुला पायरी चढायची घाई आहे, तिला नाही.

रिगवाला

+१. आणि फाईलचं नाव बघितलं मी. 'आजी_फायनल_आता_खरंच'. असो.

मालूताई

आता बाई दिसतेय! फक्त ओचा जरा जास्तच फुगवलायस, बाळंतीण वाटतेय. आणि दिवा लावायला जाताना डोक्यावर पदर घेते का ते तुझ्या आजीला विचार. आमच्याकडे घेतात.

कोरा कागद

@मालूताई, आत्ताच फोन केला. घेते. म्हणजे पायरीनंतरची सगळी चित्रं परत.

@तिरपी रेघ ताई, आठ फ्रेम थांबवलं. बारा केल्या शेवटी.

सबमिशन परवा आहे. पायरीपर्यंत झालंय, दिवा लावायचा राहिलाय.

एक होता चिमणा

लाव पटकन. लाईट जायच्या आत.